तिसऱ्या रकान्यातला शेरा

प्रथम तारखांचा तपशील. सप्टेंबर २०२०चा शेवटचा आठवडा: नेदरलँड्स सरकारने सर्व क्रीडासामन्यांना प्रेक्षकबंदी लागू केली. ऑक्टोबरचा पहिला शनिवार: आमच्या भागातल्या आइस हॉकीच्या रिंकवर, जो मनुष्य प्रेक्षक नव्हता त्याला प्रेक्षक ठरवून दारातून परत पाठवण्यात आले. त्याच वर्षीचा डिसेंबर: विभागीय निवड समितीने माझ्या नातवाला नाकारले. जानेवारी २०२२: दारातून परत पाठवलेला तो मनुष्य वारला. एप्रिल २०२२: समितीच्या दप्तरातून एक टंकलिखित ओळ आमच्या हाती आली. ती त्या मनुष्याच्या नावावर खपवली आहे आणि ती त्याची नाही.

आता जबाबदार व्यक्ती. एक, क्लबचे सचिव. नियमाचा अर्थ लावण्याचे काम त्यांचे होते, ते त्यांनी दाराशी उभ्या केलेल्या स्वयंसेवकावर ढकलले. दोन, तो स्वयंसेवक. त्याच्याविषयी माझी तक्रार सौम्य आहे. तीन, निवड समितीच्या कार्यवाह बाई, ज्यांच्या सहीने वरील ओळ बाहेर पडली. चौथा मी. माझ्या दोषाचे स्वरूप ओघात येईलच.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना रिंकवर सगळे 'मेनेअर' म्हणत. डच भाषेत मेनेअर म्हणजे महाशय. त्या इमारतीत शनिवारी पन्नास महाशय असत. पण नुसते 'मेनेअर आलेत' असे कोणी म्हटले की मुले आपोआप ताठ उभी राहत. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, अंगात मासेमाराचा जाड स्वेटर, एका हाताला लोकरी मोजा आणि दुसरा हात उघडा, कारण त्या हातात पेन्सिल. बॉलपेन ते वापरत नसत. थंडीत शाई थिजते आणि शाई थिजली की माणूस आठवणीतून लिहू लागतो, असे त्यांचे म्हणणे.

ते कुमार खेळाडूंचे परीक्षक होते, बिनपगारी. निवड समिती नावे पाठवी, मेनेअर खेळाडूला पाहत आणि कागदावर शेरे लिहीत. त्यापूर्वी चाळीस वर्षे त्यांनी उद्वाहकांची, म्हणजे इमारतींतल्या लिफ्टची, तपासणी केली होती. माणसाची तपासणीही ते त्याच पद्धतीने करीत. लिफ्ट तीन वेळा तपासायची: रिकामी, भरलेली, आणि क्षमतेहून जास्त भरलेली. खेळाडूही तीन वेळा पाहायचा: एकदा सरावात, एकदा सामन्यात, आणि एकदा अशा सामन्यात जिथे त्याचा संघ वाईट रीतीने हरतो आहे. कागदावर तीन रकाने. तिसरा भरल्याशिवाय सही नाही.

माझा नातू मल्हार तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि पॉवर फॉरवर्ड म्हणून खेळे. या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. हा आघाडीचा खेळाडू अंगाने भक्कम असतो, पण धडका देणे एवढेच त्याचे काम नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळीसमोर हातभर जागेत जाऊन उभे राहायचे. पाठीवर, पोटऱ्यांवर काठ्यांचे फटके खायचे. गोलरक्षकाला समोरचे दिसू द्यायचे नाही. आणि पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, जवळ आली की निरांजन सरकवावे इतक्या हलक्या हाताने आत ढकलायची. मार खाणाऱ्याने उलटून मारले की दोन मिनिटे बाहेर. म्हणजे या जागेचा सगळा कस न मारण्यात आहे.

मी मास्ट्रिख्टला कायद्याच्या संशोधनासाठी आलो त्याला आता चाळीस वर्षे होत आली. पुढे या भागातल्या एका यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत करारनामे तपासण्यात नोकरी संपली, आणि आता मुलीच्या घरी, बेस्ट नावाच्या गावात, राहतो. मल्हारला रिंकवर सोडणे-आणणे हे माझे काम. त्याच्या बॅगेचा वास मला आजही ओळखता येईल. त्याला मराठी कळते. बोलतो डच, फार तर इंग्रजी. 'आजोबा' एवढा एक शब्द मात्र त्याने कधी बदलला नाही.

मेनेअरांची पहिली भेट भांडणाने झाली. काचेपलीकडे मुले धावत होती, मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "तो सतरा नंबर माझा नातू. मल्हार."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "नाव कशाला सांगितलंत? नाव कळलं की आई कळते, आई कळली की ती कुठे नोकरी करते ते कळतं. आता मला आठवडाभर ते विसरत बसायला लागेल."

"मी फक्त ओळख करून दिली."

"तुम्ही साक्षीदार फोडताय," असे म्हणून त्यांनी खिशातून खारट ज्येष्ठमधाची काळी गोळी काढून माझ्यापुढे धरली. मी ती तोंडात घातली आणि शिष्टाचार म्हणून गिळली. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत कठीण शिष्टाचार होता.

ते पककडे पाहत नसत. हे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी चक्रावलो. सगळी डोकी उजवीकडे वळली की मेनेअरांचे डोके डावीकडे. गोल झाला, आरडाओरडा झाला, की विचारीत, "काय झालं?" मी सांगे. "बरं," म्हणत आणि पुन्हा नजर बाकावर. गोल म्हणजे अपघात, आणि अपघातांची नोंद विमा कंपनी ठेवते, असे त्यांचे मत होते. त्यांच्या कागदावर येई ते वेगळेच: बाकावर बसताना पाणी आधी कोणाला दिले, थकून परतणाऱ्या सोबत्यासाठी फाटक कोणी उघडले, शिट्टी झाल्यावर कोण किती वेळ वळून पाहत राहिला.

मल्हारविषयी त्यांचा पहिला शेरा असा होता: "सतरा. जिन्यावरून कपाट नेतात तसा स्केट करतो. पहिली तीन पावले जड. कपाट मात्र आपटत नाही."

दुसरी तपासणी फेब्रुवारी २०२०मध्ये झाली. मल्हारने दोन गोल केले. मेनेअरांनी दोन्हींपैकी एकाचीही नोंद घेतली नाही. शेरा: "सतरा आज मुलांमध्ये पुरुष आहे. दोन वर्षांनी सगळेच पुरुष होतील. तेव्हा काय उरेल ते आज दिसले नाही."

मी घरी जाऊन चार पानी पत्र लिहिले. खेळाडूचे वय, उंची, वजन ही त्याची चूक असू शकत नाही. भविष्यातील अनुमानावर आजचा निर्णय आधारणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. वगैरे अकरा मुद्दे. आठ दिवसांनी माझेच पत्र मला परत आले. त्यांची ती रीत होती: वेगळे उत्तर न लिहिता, आलेल्या पत्राच्या समासात पेन्सिलीने मुद्द्यागणिक उत्तर देऊन तेच परत पाठवायचे. पहिल्या दहा मुद्द्यांसमोर 'मान्य' असे होते. अकराव्यात मी लिहिले होते की माझ्या नातवात गुणवत्ता आहे. तिथे समासात होते: "मलाही तसेच वाटते. म्हणून तर अजून सही केली नाही."

मी ते पत्र मल्हारला दाखवले. तो डचमध्ये म्हणाला की त्याच्या प्रशिक्षकाने त्याला 'ग्रेट' म्हटले आहे, संघातल्या मुलांच्या पालकांनी म्हटले आहे, पण हे वाक्य त्याला वेगळे वाटते. पुढे महिनाभर तो घरामागच्या गल्लीत पहिल्या तीन पावलांचा सराव करीत होता. मार्चमध्ये रिंक बंद झाली तरी करीत होता. शेजारी खिडकीतून पाहत.

त्या उन्हाळ्यात मेनेअर आणि मी पत्रांनी बोललो. दोघांनाही छातीचा त्रास, दोघांनाही घरच्यांनी बाहेर पडू नका म्हणून बजावलेले. त्यांची बायको गेलेली, मुलगा परदेशी. "सगळी इमारत वर-खाली जायची थांबली आहे," असे त्यांनी एका समासात लिहिले होते. त्यांना वाईट वाटते आहे, हे एवढ्या स्पष्टपणे त्यांनी पुन्हा कधी लिहिले नाही.

सप्टेंबरात सामने सुरू झाले आणि महिनाअखेरीस प्रेक्षकबंदी आली. मी ती पाळली. मल्हारला सोडून मी वाहनतळावर गाडीत बसू लागलो. आणि त्याच आठवड्यात मी पाहिले की एका खेळाडूचे वडील प्रशिक्षकाचे निळे जॅकेट घालून खुशाल आत गेले. सत्तर वर्षांचा, दमेकरी मी थंडीत बाहेर, आणि हा गृहस्थ उसन्या जॅकेटात आत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच संध्याकाळी मी क्लबच्या सचिवांना पत्र लिहिले. शासनाचा आदेश निःसंदिग्ध आहे. खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांखेरीज प्रत्येक व्यक्ती प्रेक्षक होय. ज्याचे नाव लेखी यादीत नाही त्याला, तो कोणीही असो आणि कोणतेही कारण सांगो, अपवादाविना प्रवेश नाकारावा. अन्यथा मी नगरपालिकेकडे तक्रार करीन. ते माझ्या उत्तम पत्रांपैकी एक होते. सचिवांनी त्यावर विचार करण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी ते पत्र जसेच्या तसे छापून प्रवेशद्वारावर चिकटवले.

शनिवारी मल्हारच्या संघाचा सामना उत्तरेकडच्या एका बलाढ्य संघाशी होता. हरणार हे सर्वांना माहीत होते. मेनेअरांनी तो महिनाभर आधी निवडला होता: तिसरी तपासणी.

मी गाडीतून पाहिले. ते सायकलवरून आले, मास्क लावलेला, हाताखाली कागदाची पाटी. दाराशी पिवळे जाकीट घातलेला स्वयंसेवक होता, आमच्या गोलरक्षकाचा बाप. दोघे काही बोलले. बापाने दाराकडे बोट दाखवले. मेनेअर वाकून वाचू लागले. सावकाश, शेवटपर्यंत वाचले. मग वळून थेट माझ्या गाडीकडे आले. मी काच खाली केली.

"पत्र उत्तम आहे," ते म्हणाले. "मी फट शोधली. कुठेच नाही."

मी गाडीतून उतरून जवळजवळ धावत दाराशी गेलो. सांगितले की हे परीक्षक आहेत, परीक्षक म्हणजे अधिकारीच, पत्राचा हेतू हा नव्हता.

"आजोबा," तो बाप म्हणाला (मल्हारचे ऐकून सगळा संघ मला आजोबाच म्हणे), "तिसरा परिच्छेद. तो कोणीही असो आणि कोणतंही कारण सांगो. मी पाठ केलंय, सकाळपासून चारदा वाचून दाखवावं लागलंय. माझी बायकोसुद्धा गाडीत बसलीय तुमच्या कृपेनं."

"सचिवांना फोन करा."

"केला. म्हणाले, पत्रात आहे तसं करा."

"मग मी माझं पत्र मागे घेतो. आत्ता, इथे, तुमच्यासमोर."

"तोंडी?" तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय, सगळं लेखी हवं."

आतून शिट्टी ऐकू आली. सामना सुरू झाला होता. मी कागद मागितला, त्याच्याकडे नव्हता. मेनेअरांच्या पाटीवर होता, पण ते म्हणाले की तो तपासणीचा आहे, त्यावर अर्ज लिहिता येणार नाही. असे वाद घालता घालता सामन्याच्या तीन भागांपैकी पहिला संपला. शेवटी तो बाप विरघळला. तो वाईट मनुष्य नव्हता. हळूच म्हणाला, "मेनेअर, मागचं आपत्कालीन दार उघडं आहे, हवा खेळती राहावी म्हणून. मी आता पाच मिनिटं टॉयलेटला जातो. मी काही बघितलं नाही."

कायद्यात आयुष्य घालवलेला मी त्या क्षणी मनातल्या मनात म्हणत होतो: जा, जा. मेनेअरांनी मान हलवली.

"मागच्या दाराने शिरलेल्या तपासनिसाने सही केली, तर ती सही कसली?"

ते इमारतीला वळसा घालून त्या उघड्या दारापर्यंत गेले खरे; पण उंबऱ्याबाहेर, पाठ दाराकडे करून उभे राहिले. दोन भाग त्यांनी नुसते ऐकले. लाकडी कठड्यावर अंगे आदळल्याचे आवाज येत होते. दर आवाजाला त्यांची पेन्सिल कागदाजवळ जाई आणि थांबे. मी त्यांच्यापासून दीड मीटरवर उभा होतो. एकदा विचारले, "काय ऐकू येतं?"

"कोणीतरी पडतंय आणि कोणीतरी उठतंय," ते म्हणाले. "नंबर ऐकू येत नाही."

सामना अकरा विरुद्ध एक असा हरलो. गाडीत बसल्यावर मल्हार म्हणाला, "शेवटचा पूर्ण भाग मी तिथे उभा होतो, आजोबा. जाळीसमोर. त्यांनी खूप मारलं. मी एकदाही काठी उचलली नाही. मेनेअर कुठल्या कोपऱ्यात होते? मला दिसले नाहीत."

मी त्याला सांगितले. माझ्या पत्राचेही सांगितले.

पंधरवड्याच्या आत सामने बंद झाले. डिसेंबरात रिंकवरचा बर्फच उतरवला. समितीने मेनेअरांना चित्रफितीवरून तिसरा रकाना भरायला सांगितले. त्यांनी कळवले की कॅमेरा पकच्या मागे फिरतो, आणि मी पकच्या मागे कधीच फिरलो नाही. तिसऱ्या रकान्यात त्यांनी दोनच शब्द लिहिले: 'पाहिलेले नाही.' हे त्यांनी मला समासात कळवले. महिनाअखेर समितीचे पत्र आले: निवड झालेली नाही. कारण दिलेले नव्हते.

मग मी एक गोष्ट केली जिची मला लाज वाटते. मी बारा साक्षी गोळा केल्या. मल्हारचे सोबती, गोलरक्षक, पंच, त्या पिवळ्या जाकिटातल्या बापानेही काचेतून जे पाहिले ते. सगळ्यांनी एकच लिहून दिले: सतरा नंबर जाळीसमोरून हलला नाही आणि त्याने हात उचलला नाही. त्या साक्षी जोडून मी मेनेअरांना विनंती केली की त्यांच्या आधारे तिसरा रकाना भरावा. पुढच्या हंगामात मल्हारचे वय त्या गटातून बाहेर जाणार आहे, दुसरी संधी नाही.

पत्र परत आले. समासात अक्षर वाकडे झाले होते. "बाराही जण खरे बोलत असतील. पण तुम्ही आपल्या कचेरीत हे स्वीकारले असते का? ऐकीव गोष्टीवर सही?"

मी दोन दिवस त्या प्रश्नापुढे बसलो आणि खाली लिहिले, "नाही." आणि पाठवून दिले. त्यावर त्यांचे काही आले नाही. पुढे ते वृद्धाश्रमात गेले. तिथे भेटीला बंदी होती, मग थोडी उघडली, पुन्हा बंद झाली. मी एकदाच जाऊ शकलो, तेही काचेबाहेर उभा राहून. त्यांनी काचेला हात लावून विचारले ते मला ओठांवरून कळले: "सतरा?" मी सांगितले की खेळतो आहे. ते खोटे होते. मल्हारने तेव्हाच स्केट्स माळ्यावर टाकले होते.

ते गेल्याचे मला क्लबच्या वार्तापत्रातल्या तीन ओळींवरून समजले.

इतके सहन करून मी गप्प बसलो असतो. माझ्याच हाताने घातलेले कुलूप, तक्रार कोणाकडे करणार? पण या देशात आपल्याविषयी साठवलेली माहिती मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मी मल्हारच्या सहीने समितीकडून त्याचे दप्तर मागवले. मेनेअरांचा पेन्सिलीचा मूळ कागद त्यात नव्हता. होता एक टंकलिखित सारांश. पहिला शेरा, कपाटाचा, सौम्य करून. दुसरा बरोबर. तिसऱ्यात: "दडपणाखाली अपुरा. परीक्षकाचे मत." खाली कार्यवाहांची सही.

मल्हारने ती ओळ माझ्याआधी वाचली.

"हे त्यांचं नाही," मी म्हणालो. "त्यांनी 'पाहिलेले नाही' असं लिहिलं होतं. माझ्याकडे त्यांच्या अक्षरात आहे."

"ते त्यांनी तुम्हाला लिहिलं, आजोबा," तो म्हणाला. इंग्रजीत, अगदी शांतपणे, जणू तोच वडीलधारा आणि मी लहान. "ते तुमचे मित्र होते. समितीला खरं लिहिलं असणार. म्हणून तर बारा साक्षी देऊनही त्यांनी रकाना भरला नाही."

मी तासभर युक्तिवाद केला. त्याने ऐकून घेतला. शेवटी म्हणाला, "तुम्ही नेहमीच कोणाची तरी बाजू मांडता." आणि सायकल काढून सुपरमार्केटमधल्या कामावर गेला. मुलगी मला म्हणाली, "बाबा, आता पुरे. त्याला हा विषयच नको आहे." तिचे बरोबर असेल. पण ज्या एका माणसाच्या शब्दाला तो मानत होता, त्या माणसाने आपल्याला दडपणाखाली अपुरा म्हटले, ही समजूत घेऊन तो अठरा वर्षांचा होणार आहे. आणि ज्याने असे कधी म्हटले नाही तो माणूस उठून सांगू शकत नाही. मी सांगितले तर ते आजोबांचे वकिली बोलणे ठरते.

म्हणून हे माझ्या शब्दावर सोडवायचे नाही. या लेखाचा डच तर्जुमा मी नोंदणी टपालाने समितीला पाठवला आहे. माझा दोष मी वर लिहून दिला आहे: माझ्या पत्राने ते दार बंद झाले. आता कार्यवाह बाईंनी आपला सांगावा. 'पाहिलेले नाही' याचे 'अपुरा' कोणी केले, कोणत्या नियमाच्या आधारे, आणि मूळ कागद कुठे आहे? उत्तर मला खाजगी पत्राने नको. मी ते स्वीकारणार नाही. क्लबच्या वार्षिक सभेत, खेळाडूंसमोर, मूळ कागद हातात धरून त्यांनी तिसरा रकाना मोठ्याने वाचावा, आणि त्या दिवशी मल्हारला सभेचे निमंत्रण त्यांच्या सहीने जावे.